कारण शोधायचं बाकी

खिल्लारे मॅडम कुणाही पेशंटचा रिपोर्ट वाचायच्या तेव्हा शेवटची ओळ हातानं झाकून ठेवायच्या. डावा तळवा कागदाच्या तळाशी, उजव्या हातात झिजून बोटभर उरलेली पेन्सिल, आणि नजर वरून खाली. शेवटच्या ओळीत कुणीतरी आधीच निकाल देऊन ठेवलेला असतो, तो वाचला की माणूस वरचं वाचतच नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळं वाचून झालं, पेन्सिलीनं दोन-चार टिंबं दिली, की मग हात उचलायच्या. निकाल पटला तर ‘हं’ म्हणायच्या. नाही पटला तर काहीच म्हणायच्या नाहीत. ते जास्त वाईट असायचं.

माझ्या बायकोचा कागद त्यांनी असा वाचला तेव्हा मी समोर उभा होतो आणि माझं डोकं तापलेलं होतं. त्यांनी हात उचलला आणि काहीच बोलल्या नाहीत.

मी जुन्या मशिनींचा धंदा करतो. चिकलठाण्यात एखादी कंपनी बंद पडली की तिथले लेथ, प्रेस, कॉम्प्रेसर उचलायचे, ठीकठाक करायचे आणि शेंद्र्यात नवा शेड टाकणाऱ्याला विकायचे. सुरुवात हातगाडीवर भंगार गोळा करून केली. कुणी बोट धरून शिकवलं नाही. त्यामुळं मला एकच विद्या नीट येते, समोरच्याला खाली आणायची. भाजीवाली असो की बँकेचा मॅनेजर, पहिलं बोलणं मी मान्य करत नाही. यात मिरवण्यासारखं काही नाही. पुढचं कळावं म्हणून आधी सांगून ठेवतो.

सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, पहिल्यांदा दुखलं ते सकाळी. चहा उतू गेला म्हणून मी ओरडत आत गेलो तर ती ओट्याला धरून खाली बसलेली. “छातीवर कुनी पाटा ठिवलाय जनू,” म्हणाली. अंग घामानं चिंब. जालना रोडवरच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही. घेतलं तर मी थांबणार नाही. तिथं छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, पट्टीत बदल दिसला. रक्त तपासलं. हृदयाच्या स्नायूला मार लागला की रक्तात एक घटक वाढतो, ट्रोपोनिन म्हणतात त्याला, तो वाढलेला निघाला. लगेच अँजिओग्राफी. अर्ध्या तासात मोठे डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली ओढला आणि म्हणाले, “अभिनंदन! नळ्या एकदम साफ आहेत.”

आपल्याकडं अँजिओग्राफी साफ निघाली की पेढे वाटतात. मीही वाटले. वॉचमनपासून अँजिओच्या खोलीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी एक ज्युनिअर डॉक्टर सुट्टीचं कार्ड लिहीत बसला होता. चष्मेवाला, वीस-बावीसचा वाटावा असा. त्यानं ‘हार्ट अटॅक’ असं लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह दिलं.

“हे काय लिव्हता?” मी म्हणालो. “नळ्या साफ म्हनता आन् अटॅक लिव्हता?”

“काका, रक्तात वाढलेलं आहे ना. हृदयाचा एमआरआय करून बघावा लागेल.”

“नळ्या साफ हायत का नाय, तेवढं सांगा.”

“आहेत.”

“मंग शंका कशाला लिव्हता? तुमच्या शंकेवर माझ्या पोरीची सोयरीक मोडायची का?”

आमच्या धाकटीचं, दीपालीचं, जालन्याच्या एका घराशी चाललं होतं. आईला हृदयाचा आजार, मग पोरीलाही असेल, असं लोक बोलतात. मी त्या पोराला वाकवलं. तो मोठ्या डॉक्टरांना फोन करून आला. पहिलं कार्ड फाडलं आणि नव्यावर लिहिलं, ‘छातीत दुखणे, नळ्या नॉर्मल.’ अटॅकची औषधं त्याबरोबर गेली. पित्ताच्या गोळ्या आल्या आणि टेन्शन घेऊ नका म्हणून झोपेची अर्धी गोळी आली. फाइलीत एका कागदावर माझी सही घेतली. मी न वाचता केली, कारण मी जिंकलो होतो.

हे सुमनला मी सांगितलं नाही.

दुसऱ्यांदा दुखलं ते दोन महिन्यांनी, तेही सकाळीच. ती तेव्हा छावणी भागात बहिणीकडं होती, म्हणून जवळच्या ट्रस्टच्या दवाखान्यात नेली. मी चिकलठाण्याहून पोचलो तोवर तिला आत घेतलेलं होतं आणि तिथल्या हृदयाच्या डॉक्टर, खिल्लारे मॅडम, कागद वाचत होत्या. ठेंगणा बांधा, कानापर्यंत कापलेले पांढरे केस, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात कॅनव्हासचे बूट. एप्रनच्या खिशात फुटाणे. त्या खुर्चीत बसलेल्या मी कधीच पाहिल्या नाहीत. खोलीत खुर्ची होती, तिच्यावर फायली बसायच्या.

“मॅडम,” मी म्हणालो, “हे समदं झालेलं हाय. नळ्या साफ हायत. पुन्ना तेच करून बिल वाढवायचं काम नाय.”

“तुम्ही कोण?”

“नवरा.”

“दुखतंय कुणाला?”

“तिला.”

“मग तिला बोलू द्या.”

मला कुणी असं बोललं की मी आवाज चढवतो. चढवला. बाहेरच्या बाकावरचे लोक उठून बघायला लागले. मॅडमनी खिशातून दोन फुटाणे काढले, तोंडात टाकले आणि माझं संपायची वाट बघितली.

“काम काय करता?”

“मशिनींचं. कॉम्प्रेसर, लेथ.”

“बरं. कॉम्प्रेसर जळला. तुम्ही पाइप उघडून पाहिला, पाइपात कचरा नाही. मशीन चांगली आहे म्हणून विकता का?”

“नाय.”

“का?”

“जळलाय की तो.”

“कशानं जळला?”

“आता ते वायरिंग बघावं लागंल, ऑइल, व्होल्टेज...”

“मलाही तेवढंच करायचंय. बाहेर थांबा.”

बाहेर रुबीना सिस्टर औषधांची गाडी ढकलत होत्या. मी त्यांना विचारलं, ह्या बाई अशाच आहेत का? त्या हसल्या. म्हणाल्या, “भाऊ, इधर नॉर्मल बोलना गुनाह है. मैं नई थी, मैंने बोला, मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आया. तो बोले, रुबीना, बीमारी का नाम नॉर्मल है क्या?” त्यांनी गाडी पुढं ढकलली आणि परत वळून म्हणाल्या, “और ‘कुछ नहीं निकला’ तो बोलनाच नक्को.”

ते मी पुढं कितीतरी वेळा पाहिलं. कुणी म्हणालं, ‘काही निघालं नाही’, की मॅडम विचारायच्या, “निघालं नाही, की आपल्याला सापडलं नाही?” नातेवाईक असो, शिकाऊ डॉक्टर असो, ट्रस्टी असो. एकदा दवाखान्याचा प्लंबर म्हणाला, लीकेज कुठं काही निघालं नाही, तर त्यालाही तेच. तो बिचारा पुन्हा टाकीवर चढला.

त्या दिवशी पडद्याबाहेर उभं राहून मी आतलं सगळं ऐकलं. सुमननं आधी पहिल्यापासून सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, “आता उलटं सांगा. दुखायला लागलं, त्याच्या आधी काय करत होता? त्याच्या आधी?” असं मागं मागं नेत त्या मोरीपर्यंत पोचल्या.

“दात कशानं घासता?”

“मिसरीनं. समद्याच घासतेत की.”

“दिवसातून किती वेळा?”

“सकाळी. मंग दुपारी भांडे झाल्यावर. लई कटाळा आला तर मधी एकांदा.”

“आणि दुखलं त्या दिवशी?”

“मिसरी लावूनच उठले व्हते.” थोडं थांबून ती म्हणाली, “पहिल्या टायमालाबी.”

पहिल्या दवाखान्यातला एक फॉर्म सुमनजवळच्या फाइलीत होता. त्यावर ‘तंबाखू’ समोर ‘नाही’ असं लिहिलेलं. मॅडमनी तो बाहेर आणून माझ्यासमोर धरला. “हे अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“दात त्यांचे तुम्ही घासता का?”

मी खोटं लिहिलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. आमच्या घरात माझी आई, चुलत्या, मावश्या, सगळ्या तव्यावर तंबाखू भाजायच्या. धुरानं अख्खी गल्ली खोकायची. पण ती मिश्री. तंबाखू म्हणजे पुरुषांच्या खिशातली डबी. एवढी साधी गोष्ट आमच्या डोक्यात आली नव्हती, आणि ‘तंबाखू खाता का’ असं विचारणाऱ्या त्या शिकलेल्या डॉक्टरांच्याही डोक्यात आली नव्हती. मॅडम म्हणाल्या, “मिश्रीनंच झालं असं मी म्हणत नाही. काहींच्या हृदयाच्या नळ्या मधेच आवळतात आणि मग परत मोकळ्या होतात. तपासायला जावं तर रस्ता साफ. तंबाखू त्या आवळण्याला जोर देते. पण आधी मला बघू द्या, स्नायूला खरंच मार बसलाय का. की नुसती सूज आहे, की दुसरंच काही. सगळ्यांचं औषध वेगवेगळं असतं.”

त्यासाठी हृदयाचा एमआरआय हवा होता, आणि तो लवकर हवा होता. दिवस गेले की सूज उतरते आणि खूण पुसट होते. शहरात मशिनी होत्या, पण त्या मणक्यांत आणि गुडघ्यांत गुंतलेल्या. एका सेंटरनं पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. मी तिथं जाऊन टेबलावर हात आपटला. तासाभरात दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊनच परत आलो आणि मॅडमसमोर चिठ्ठी ठेवली. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

“चांगलं केलं,” त्या म्हणाल्या. “कुणाचा नंबर काढून घेतला?”

“असंल कुनाचा गुडघा.”

“आणि उद्या एखादी बाई आली, तिला तुमच्यासारखा नवरा नसला तर?”

उत्तर मी जिन्यात उतरताना मनातल्या मनात दिलं. तुमचं तुम्ही बघा, मी काय सगळ्या जगाचा ठेका घेतलाय का, वगैरे. पण ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सुमन मशिनीत होती आणि मी सेंटरच्या मागच्या बाजूला येरझाऱ्या घालत होतो, तर तिथला चिलर ऐकू आला. एमआरआयच्या मशिनीला सतत थंड ठेवावं लागतं, ते काम त्याचं. आवाजावरून मला कळलं की कॉम्प्रेसरचं बेअरिंग जायला आलंय.

सेंटरचा मालक गुळगुळीत माणूस. मी सांगितलं, “सायेब, तुमचा चिलर पंधरा दिवसांत बसनार.”

“काल टेबल बडवलं, आज शाप देताय?”

“मिस्तरीला इचारा.”

त्यानं फोन लावला. फोन ठेवला तेव्हा चेहरा थोडा कमी गुळगुळीत होता. नवा पार्ट यायला महिना लागणार होता. माझ्या शेडमध्ये एका बंद पडलेल्या औषध कंपनीचा तसाच कॉम्प्रेसर पडून होता. मी म्हणालो, देतो. पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळची पहिली वेळ खिल्लारे मॅडमच्या पेशंटची.

“अहो, एका हार्टला तास जातो. तेवढ्या वेळात माझे तीन गुडघे होतात!”

“चिलर बसल्यावर किती गुडघे व्हतील?”

तो कबूल झाला. मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्या मंगळवारांना आणि शुक्रवारांना पेन्सिलीनं गोल केले, एक एक करून, डिसेंबरपर्यंत. आभार मानले नाहीत. फुटाणे पुढं केले.

रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी मला एकट्यालाच संगणकासमोर उभं केलं. काळ्या स्नायूत एका बाजूला बारीक पांढरी रेघ होती. तिच्यापासून जरा दूर, दुसऱ्या जागी, फिकट पांढरट पट्टा. “हा जुना मार,” पेन्सिलीचं टोक रेघेवर ठेवत त्या म्हणाल्या. “हा आताचा, अजून सुजलेला. दोन्ही वेळा अटॅकच होता.”

माझ्या कानातून वाफा निघाल्या असतील. मी म्हणालो, मला लिहून द्या. त्या दवाखान्यानं चूक केली, असं तुमच्या सहीशिक्क्यानिशी लिहून द्या. त्याला कोर्टात उभा करतो, पेपरात देतो, जालना रोडला तोंड दाखवायला जागा ठेवत नाही. मी बोलत राहिलो. त्या ऐकत राहिल्या.

“देते,” त्या म्हणाल्या. “पण सगळं लिहिते.”

त्यांनी पहिल्या दवाखान्यातून फाइलीची अख्खी नक्कल मागवली होती. तिच्यातलं एक पान काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. ‘नातेवाइकांच्या आग्रहावरून अटॅकची शंका कार्डावरून वगळली. एमआरआयचा सल्ला दिला. नातेवाइकांनी नकार दिला.’ खाली माझी सही. लांबलचक, शेवटी दोन टिंबांची, जशी मी सौद्याच्या कागदावर करतो तशी.

“तुम्ही सांगा,” मॅडम म्हणाल्या, “यातलं कोणतं वाक्य गाळू?”

मी ते पान उलटं करून ठेवलं.

“तिला सांगू नका,” मी म्हणालो.

“पेशंटपासून लपवणं माझ्या कामात बसत नाही. त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण हे आधी तुम्ही सांगायचंय. मी थोडं थांबते.”

मी पत्र न घेता बाहेर आलो. राग मात्र घेऊनच आलो, आणि तो आजही गेलेला नाही. लोक म्हणतील, चूक तुमची होती. माझीही होती, मान्य. पण मी भाव करणारा माणूस आहे, मी ओढून बघणारच. समोरच्यानं डॉक्टर असून भाव उतरवला कसा? तो चष्मेवाला पोरगा बरोबर होता, आणि मी दोनदा आवाज चढवल्यावर तो आणि त्याचा मोठा डॉक्टर खाली आले. वाळूच्या ट्रकवाल्यानं तरी एवढ्यात माघार घेतली नसती. मॅडमसमोर मी पुढं शंभर वेळा ओरडलो असेन, सुट्टी लवकर द्या, ही गोळी कमी करा, ती तपासणी नको. त्या एकदाही खाली आल्या नाहीत. तेव्हा राग यायचा. त्या पहिल्या दवाखान्यात अशी एक बाई उभी असती, तर माझी सही झालीच नसती, हा विचार आता येतो आणि त्याचाही रागच येतो.

सुमन घरी गेली ती योग्य गोळ्या घेऊन, मिश्री सोडून आणि कार्डावर लाल शिक्का घेऊन. तो शिक्का मॅडमनी तिच्या वेळेपासूनच सुरू केला. ‘हार्ट अटॅक. नळ्या उघड्या. कारण शोधायचं बाकी.’ कारण सापडलं की त्यावर आडवी रेघ मारून खाली हातानं लिहायच्या. रक्तात वाढलेलं आहे आणि नळ्या साफ आहेत, असा एकही पेशंट शिक्का, औषधं आणि पुढची तारीख यांशिवाय दवाखान्याबाहेर जाणार नाही, असा नियम त्यांनी धरला. ट्रस्टच्या लोकांना तो पटेना. एक ट्रस्टी माझ्यासमोर म्हणाले, “मॅडम, लोक घाबरतात. लोकांना आनंदाची बातमी हवी असते.”

“खरी नसली तरी?”

“तसं नाही, पण...”

“मग कोणती देऊ, तुम्ही निवडा. खाली सही करा.”

ट्रस्टींनी सही केली नाही. नियम राहिला.

दर शनिवारी दुपारी त्या एक यादी घेऊन उभ्या उभ्या फोन करायच्या. यादीत फक्त तेच पेशंट, ज्यांचं कारण सापडलं नव्हतं. “दम लागतो का? पाय सुजतात का? गोळी घेता की देवापुढं ठेवलीय?” पलीकडून कुणी ‘बरी आहे’ म्हणालं की विचारायच्या, “काल जिना चढलात का?” छावणीतल्या बुद्धविहारात रविवारी बायकांचा रक्तदाब बघायला जायच्या, तिथंही दात कशानं घासता हाच पहिला प्रश्न. बायका त्यांना बघून पदर तोंडाला लावायच्या. मी एकदा विचारलं, “मॅडम, तुम्हाला एवढं का लागलंय याचं? घरातलं कुनी गेलं का असं?”

“कुणी गेलं तरच शोधायचं असतं का?” त्या म्हणाल्या आणि पुढचा नंबर फिरवला.

इकडं जालन्याचे पाहुणे सुमनला भेटायला आले. मुलाच्या वडिलांनी टेबलावरचं कार्ड उचललं. लाल शिक्का त्यांनी वाचला, आणि मी मनात म्हणालो, गेली सोयरीक. ते मोठ्यानं हसले.

“आवो, एवढंच व्हय! माझ्या नळ्यांत दोन स्प्रिंगा हायत. तुम्हाला कळलं तर तुम्ही पोरगी द्यायचे नाय म्हनून आमी बोललो नाय.” मग बायकोकडं वळून, “तुला म्हनलं व्हतं ना मी, सांगून टाकू!”

सगळे हसले. सुमन सगळ्यात जास्त हसली. मी पाण्याचा ग्लास घ्यायला आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो. ज्या गोष्टीसाठी मी ते दोन शब्द पुसून घेतले होते, तिचा असा फुगा फुटला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. लग्न होऊ दे म्हटलं. लग्न झालं. दिवाळी होऊ दे म्हटलं.

वर्षभरानं तपासणीला गेलो तेव्हा खोलीतल्या खुर्चीवर फायली नव्हत्या. खोकी बांधून भिंतीला लावलेली. मॅडम नांदेडला चालल्या होत्या, तिथल्या कॉलेजात शिकवायला. तो त्यांचा इथला शेवटचा आठवडा होता. सुमनची पट्टी बघितली, रक्तदाब बघितला, गोळ्या तशाच ठेवल्या. सुमन उठली, पदर सारखा केला आणि पुन्हा खाली बसली.

“मॅडम, एक इचारू का? पुन्ना तुमी भेटनार नाय म्हनून इचारते. त्या पहिल्या दवाखान्यात माझ्या कार्डावर अटॅक का नाय लिव्हला? लिव्हला असता तर दुसऱ्यांदा झालं नसतं का?”

“झालंच नसतं असं सांगता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “औषधं चालू राहिली असती, एवढं खरं.”

“मंग का नाय लिव्हला?”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडं पाहिलं. त्यांनी सांगून टाकलं असतं तर मला बरं वाटलं असतं; मी ओरडलो असतो, मोकळा झालो असतो. त्या बोलेनात. सौद्यात गप्प बसायला मी कुणाला हार जात नाही. समोरचा अस्वस्थ होऊन आपणच किंमत कमी करतो. त्या दिवशी समोरचा मी होतो.

“मीच खोडायला लावलं,” मी म्हणालो.

सुमननं मान वळवली. “कशापायी?”

“दीपीच्या सोयरिकीपायी. एमआरआय करा म्हनत व्हते, तेबी मीच नको म्हनलो. सही करून दिली.”

“मला इचारलं?”

“नाय.”

ती रडली नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

“दोन म्हैने मी पित्ताच्या गोळ्या खात व्हते,” ती म्हणाली, “आन् तुमी रोज सकाळी इचारायचे, पोट कसंय म्हनून.”

तिनं पिशवी उचलली आणि निघाली. मी मॅडमकडं वळलो. मला काहीतरी म्हणायचं होतं. बघा, आता झालं तुमच्या मनासारखं, असलंच काहीतरी. पण मॅडम माझ्या बाजूनं दारापर्यंत गेल्यासुद्धा होत्या.

“सुमनताई! जिना नको, लिफ्टनं जा. आणि हळू चाला.”

सुमन वळली, जिन्याकडून लिफ्टपाशी आली आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. मॅडम दारातच थांबल्या. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. तेवढा वेळ त्या सुमनच्या खांद्यांकडं बघत होत्या. श्वास कसा चाललाय ते बघत असणार. मी दोघींच्या मधे, कॉरिडॉरमध्ये, कुणीकडं जावं ते न कळून. लिफ्ट आली, सुमन आत गेली, आणि दार लागायच्या आत मीही घुसलो.

आतून मॅडम दिसल्या. त्यांनी हात वर केला. तो माझ्यासाठी नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी माझा वर केला.